गाई खाली, बोट वर!

मुलांनो, आधी एक कोडं घालते. तुम्ही सायकलवरून चालला आहात. डाव्या हाताला हिरवंगार कुरण आहे, त्यात काळ्या-पांढऱ्या गाई चरताहेत. उजव्या हाताला नदी आहे आणि नदीतून एक लांबलचक बोट चालली आहे. आता गंमत अशी, की बोट तुमच्याबरोबर जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालली आहे आणि गाई मात्र दोन पुरुष खोल, खाली आहेत! तिथल्या घरांची कौलं बघायची तर तुम्हाला मान वर नाही, खाली करावी लागते. सांगा पाहू, तुम्ही कुठे आहात?

बरोब्बर! नेदरलँड्समध्ये. आपण ज्याला सवयीनं हॉलंड म्हणतो त्या देशात. (खरं तर हॉलंड हे त्या देशाच्या दोन प्रांतांचं नाव. पण भूगोलाचा तास नंतर घेऊ.)

मी एक साधी प्राथमिक शिक्षिका. आमचं गाव अलिबाग तालुक्यातलं, खाडीकाठचं. नेदरलँड्सला मी कशी पोचले म्हणाल, तर माझी मावसबहीण नोकरीनिमित्त तिकडे असते. २०२३ च्या मे महिन्यात तिचा फोन आला. ''ताई, आमचा सायकल आणि बोटीच्या सहलीचा ग्रुप ठरलाय, एक जण गळलाय. तू येतेस का? सायकल येते ना तुला?'' सायकल येते म्हणजे काय! लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारत मी अख्खं गाव पालथं घातलं होतं. तिकिटासाठी साठवलेले पैसे मोडले, सुट्टी होतीच. गेले!

ही सहल कशी असते ते सांगते. राहायचं, जेवायचं, झोपायचं बोटीवर. दिवसा मात्र सायकल चालवायची. सकाळी न्याहारी झाली, की सायकली बोटीच्या पाठीवरून खाली उतरवायच्या आणि निघायचं. तीस ते पंचेचाळीस किलोमीटर सायकल मारून संध्याकाळी दुसऱ्याच गावात पोचायचं, तर तिथे आपली बोट आधीच येऊन धक्क्याला लागलेली! म्हणजे आपण पुढे आणि आपलं घरही आपल्या मागोमाग. गोगलगायीची ऐट ती अशी असेल, असं मला वाटून गेलं.

बोट म्हणजे बार्ज. गोव्यात मांडवी-जुवारीतून खनिज वाहून नेणारे बार्ज तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. तशीच ही चपट्या बुडाची, लांबट बोट. एके काळी हिच्या पोटातून माल जायचा, आता त्याच पोटात खोल्या केल्या आहेत. खोली कसली, खण! दोन फळकुटं एकावर एक, एक बेसिन, एक गोल खिडकी. खिडकी थेट पाण्याच्या रेषेवर. पहिल्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा एक बदक माझ्याकडे टक लावून बघत होतं. आमच्यात एकोणीस प्रवासी होते. आम्ही आठ मराठी, बाकी जर्मन आणि इंग्लिश. त्यात माझा अकरा वर्षांचा भाचाही होता. हा भाचा महत्त्वाचा, बरं का. पुढे त्याचं काम आहे.

न्याहारीच्या टेबलावरच दुपारचा डबा आपापला बांधून घ्यायचा. पाव, चीज, काकडी. आणि तिथली पोरं काय खातात ठाऊक आहे? पावाला लोणी लावतात आणि त्यावर चक्क चॉकलेटचे बारीक दाणे पसरतात. त्याचं नाव 'हाखेलस्लाख'. शब्दाचा अर्थ गारांचा वर्षाव! मोठी माणसंही हे बिनधास्त खातात. मीही खाल्लं. तुमच्या आईला दाखवू नका हा परिच्छेद.

सायकलनं घेतलेली परीक्षा

पहिल्याच सकाळी ॲमस्टरडॅमच्या धक्क्यावर माझी फजिती झाली. आपल्याला काय सवय असते? सायकल चालवताना मध्येच पायडल उलटं फिरवायचं, कुर्रर्र आवाज काढायचा. मी तसं केलं आणि सायकल जागच्या जागी खिळली, मी मात्र पुढे गेले! तिथल्या पुष्कळ सायकलींना ब्रेक असतो तो पायडलमध्ये. उलटं दाबलं की मागचं चाक थांबलं. भाचेबुवा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ''मावशी, पाय उलटे नको फिरवूस. आणि डावीकडून कुठे चाललीस? उजवीकडून!'' हो, तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात. डोक्याला कळतं, पण हातांना कळायला दोन दिवस लागतात.

या देशात माणसं साधारण एक कोटी ऐंशी लाख आणि सायकली त्याहून जास्त. देश केवढा, तर आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढा. सायकलींसाठी रस्त्याच्या कडेनं वेगळी वाट, बहुधा तांबड्या रंगाची. चौकात रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, एका ओळीत, टोकं तुमच्याकडे. त्यांना म्हणतात 'शार्कचे दात'. दात तुमच्याकडे वासलेले दिसले, की तुम्ही थांबायचं आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. वळायचं तर हात आडवा करून दाखवायचा. हे सगळं तिथे शाळेत शिकवतात आणि त्याची परीक्षाही असते. प्राथमिक शाळेतली दहा-अकरा वर्षांची मुलं लेखी पेपर देतात आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून दाखवतात. भाच्यानं ती त्याच वर्षी दिली होती, म्हणून तर त्याचा एवढा रुबाब!

मला वाटलं होतं, हे लोक पहिल्यापासूनच असे शहाणे असतील. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, रस्ते मोटारींना दिले गेले आणि सायकलवाले कडेला ढकलले गेले. १९७१ या एका वर्षात एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. शाळेत जाणारी, तुमच्याएवढी. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहानगी मुलगी त्यातच गेली. १९७२ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप, शिक्षक, मुलं रस्त्यावर उतरली. पाठोपाठ १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली आणि सरकारनं काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. मुलं मोकळ्या महामार्गावर स्केटिंग करायला लागली. लोकांना आठवलं, की रस्ता असाही असतो. आज दिसणाऱ्या तांबड्या वाटा त्यानंतर हळूहळू झाल्या.

मी ज्या शाळेत शिकवते तिथली तिसरी-चौथीची पोरं मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालत येतात. ट्रकांच्या वाऱ्यानं त्यांची दप्तरं हलतात. असो.

आमचा रस्ता असा होता : ॲमस्टरडॅमहून फेख्त नदीकाठानं ब्रोकेलेनला (अमेरिकेतल्या ब्रुकलिनला नाव मिळालं ते या चिमुकल्या गावावरून!), तिथून व्हियानेन, मग स्खोनहोवन, किंडरडाइक, चीजसाठी प्रसिद्ध असलेलं गौडा आणि परत ॲमस्टरडॅम. गौडा म्हणा की गोडा, तिथल्या माणसाला कळत नाही. घशातून खाकरल्यासारखं 'खाउडा' म्हणावं लागतं. ट्यूलिपची शेतं विचाराल तर मे संपता संपता ती संपलेली असतात. मी फक्त रिकामे वाफे पाहिले.

कोपऱ्यावरची चूक

व्हियानेनपासून पुढची नदी कोणती असेल? तिचं नाव 'लेक'! मी हसले, तशी आमची वाटाड्या बुचकळ्यात पडली. तिला सांगितलं, की आमच्या भाषेत लेक म्हणजे मुलगी. ती म्हणाली, ''मग ही जरा व्रात्य लेक आहे. हिच्यासाठी केवढा बांध घालावा लागलाय बघ.''

त्या बांधावरूनच आमची वाट होती. सुरुवातीला कोड्यात सांगितलं ते दृश्य इथलंच. या देशाची सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. आणि नद्यांनाही दोन्ही बाजूंनी बांध, नाहीतर पाणी कुरणात उतरेल.

एकोणीस सायकलस्वार एका ओळीत कसे न्यायचे? त्याची युक्ती सोपी आहे. वाटाड्या सगळ्यांत पुढे. सगळ्यांत मागे पिवळं जाकीट घातलेला एक जण. जिथे वळण येईल तिथे वाटाड्याच्या मागचा माणूस कोपऱ्यावर उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हातानं दिशा दाखवतो. पिवळं जाकीट आलं, की त्याचं काम संपलं. तोवर जागा सोडायची नाही. बस, एवढा एकच नियम.

त्या दिवशी एका गावाच्या तोंडाशी कोपऱ्याची पाळी माझी होती. पाऊस भुरभुरायला लागला होता आणि वारा तोंडावर येत होता. (तिथला वारा म्हणजे चढच. सपाट देशाला डोंगर नसतात, ती उणीव वारा भरून काढतो. वादळी वाऱ्यात तोंडावर वारा घेत सायकल मारण्याची स्पर्धासुद्धा तिथे होते, समुद्राच्या बांधावर, बिनगिअरच्या सायकलींवर!) मी मोजत होते, पण मध्येच दुसरा एक सायकलींचा ग्रुप आमच्यात मिसळला. शेवटी एक पिवळं जाकीट दिसलं, मी हात दाखवला आणि आनंदानं त्याच्यामागे निघाले.

ते जाकीट आमचं नव्हतं.

चार-पाच किलोमीटरवर नदी ओलांडायला तर आहे. आपल्याकडे दाभोळ-धोपावे जंगल जेट्टी आहे ना, तशीच, फक्त छोटी. तिथे वाटाड्यानं डोकी मोजली. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच. एक जर्मन आजोबा (आमचं खरं पिवळं जाकीट), त्यांच्या आजी आणि माझा भाचा, तिघे नव्हते. नंतर कळलं, भाच्याची साखळी निसटली होती, ते दोघं त्याच्यासाठी थांबले होते. कोपऱ्यावर आले तर कुणीच नाही, म्हणून सरळ गेले. आजोबांचा फोन बोटीवर चार्जिंगला लावलेला.

मुलांनो, पाऊस, बांध, बांधाच्या दोन्हीकडे पाणी आणि अकरा वर्षांचं पोर. मी तर रडायच्या बेतात आले. बहिणीकडे बघायचं धाडस होईना. तीच म्हणाली, ''ताई, त्याला पोहता येतं आणि आकडे वाचता येतात. थोडं थांबू.''

पोहण्याचं आधी सांगते. तिथे जिकडेतिकडे पाणी, त्यामुळे बहुतेक मुलं लहानपणीच पोहायला शिकतात आणि त्याची प्रमाणपत्रं मिळवतात. परीक्षेत कपड्यांसकट, बुटांसकट पोहून दाखवायचं असतं. कारण काय, तर कालव्यात पडायची वेळ आली तर कुणी पोहण्याचे कपडे घालून पडत नाही! या कारणावर मी आजही विचार करते. किती साधी गोष्ट.

आणि आकडे? तिथल्या सायकल-वाटा जिथे जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक दिलेला असतो. खांबावर क्रमांक, बाणावर पुढचा क्रमांक. बऱ्याच ठिकाणी आसपासचा नकाशाही लावलेला. आपल्याला कुठे जायचंय त्याचे आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि सापशिडीसारखं एकाहून दुसऱ्यावर जायचं. गावांची नावं वाचता आली नाहीत तरी चालतं. ही कल्पना आली शेजारच्या बेल्जियममधून. तिथल्या एका खाण-अभियंत्याला ती सुचली, जमिनीखालच्या बोगद्यांच्या जाळ्यावरून. १९९५ मध्ये तिथे पहिलं जाळं झालं.

आमच्या बोटीवर रोज रात्री वाटाड्या उद्याचे आकडे खडूनं फळ्यावर लिहायची. मोठी माणसं नुसती बघून झोपायला जायची. भाचा मात्र ते बॉलपेननं मनगटावर उतरवून घ्यायचा. आम्ही त्याला हसायचो.

चाळीस मिनिटांनी बांधावर तीन ठिपके दिसले. सगळ्यांत पुढे भाचा, मागे आजी, मग पिवळं जाकीट. वळणावर त्यानं परीक्षेत देतात तसा हात आडवा केला, वळला आणि माझ्यासमोर येऊन थांबला. ''मावशी,'' तो म्हणाला, ''तू कोपरा सोडलास.''

बस, एवढंच. त्यानंतर सहलीभर मी ज्या ज्या कोपऱ्यावर उभी राहिले, तिथे प्रत्येकाचं तोंड बघून मोजलं. एका दुकानदारालाही मोजलं असेल चुकून.

पाणी वर चढवणाऱ्या चक्क्या

किंडरडाइक या नावाचा अर्थ 'मुलाचा बांध'. १४२१ साली मोठा पूर आला होता. दंतकथा अशी, की पूर ओसरल्यावर लोक बांधावर गेले तर पाण्यावरून एक लाकडी पाळणा तरंगत येत होता. पाळण्यावर एक मांजर! पाळणा डावीकडे कलला की ते उजवीकडे उडी मारायचं, उजवीकडे कलला की डावीकडे. पाळण्यात पाणी शिरू दिलं नाही त्यानं. जवळ आणून बघतात तो आत तान्हं बाळ शांत झोपलेलं. कथा खरी असेल-नसेल, मांजरांबद्दलचं माझं मत मात्र सुधारलं.

तिथे आज १९ पवनचक्क्या उभ्या आहेत. बहुतेक १७४० च्या सुमाराच्या. १९९७ पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मला वाटायचं, पवनचक्की म्हणजे पीठ दळणारी. पण या दळत नाहीत, पाणी उपसतात. खोलगट शेतातलं पाणी एक चक्की थोडं वरच्या कालव्यात चढवते, तिथून पुढे आणखी वर. असं पायरी-पायरीनं पाणी वर नेऊन, नदी ओहोटीला खाली गेली, की दार उघडून नदीत सोडून द्यायचं. आता हे काम मोठे पंप करतात. पण चक्क्या चालू स्थितीत ठेवल्या आहेत आणि बहुतेकींत अजून माणसं राहतात. दोऱ्यांवर कपडे वाळत होते! चक्कीची पाती थांबवायचीही भाषा असते. उभ्या रेषेच्या किंचित अलीकडे थांबवली तर घरात आनंदाची बातमी, किंचित पलीकडे थांबवली तर दुःखाची. टेलिफोन नव्हते तेव्हा लांबून दिसायचं.

आता यात एक पेच आहे, तो लक्ष देऊन वाचा. तिथली पुष्कळ जमीन कुजक्या गवताच्या मातीची, स्पंजसारखी. स्पंजमधलं पाणी काढलं तर काय होतं? तो आकसतो. म्हणजे पाणी उपसलं की जमीन आणखी खाली बसते. खाली बसली की आणखी पाणी साचतं, की आणखी उपसा. शेकडो वर्षं हे चाललं आहे. थांबता येत नाही. म्हणून तेराव्या शतकापासून तिथे पाण्याचा कारभार बघणारी वेगळी मंडळं आहेत. आजही त्यांची निवडणूक होते, कर असतो. बांध पोखरणारे उंदरासारखे प्राणी पकडायला या मंडळांची पगारी माणसंसुद्धा आहेत. हे ऐकून मी वहीत खूण करून ठेवली. का, ते शेवटी सांगते.

बोटानं नाही, बोटीनं!

बांधाला पडलेल्या भोकात रात्रभर बोट घालून बसलेल्या डच मुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मीही वर्गात सांगितली आहे. बोटीवर मी ती मोठ्या कौतुकानं काढली, तर वाटाड्या म्हणाली, ''ती गोष्ट आमची नाहीच. मेरी मेप्स डॉज नावाच्या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ च्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. आमच्या पोरांना ती पर्यटकांकडूनच कळते. पण उद्या तुला खरी जागा दाखवते.''

दुसऱ्या दिवशी आमची बोट होलांडसे आयसेल या नदीतून चालली होती. निउवेरकेर्क नावाच्या गावापाशी वाटाड्यानं बांधाकडे बोट दाखवलं. या गावाच्या परिसरातच नेदरलँड्समधली सर्वांत खोल जागा आहे, समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. म्हणजे एखादं दुमजली घर उभं केलं तरी जेमतेम त्याचं छप्पर समुद्राच्या बरोबरीला येईल.

१९५३ सालच्या ३१ जानेवारीची रात्र. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाण. त्यात वायव्येकडून भयंकर वादळ. समुद्राचं पाणी नद्यांतून आत घुसलं. दक्षिणेकडच्या झीलँड भागात बांधामागून बांध फुटले. त्या आपत्तीत एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली.

१ फेब्रुवारीच्या पहाटे इथला बांधही फुटायला लागला. या बांधामागे हॉलंडची दाट वस्ती, सुमारे तीस लाख माणसं. गावच्या महापौरानं नदीतली एक बोट ताब्यात घेतली आणि नावाड्याला सांगितलं, की ही बोट त्या खिंडारात घाल. नावाड्याचं नाव आरी एव्हेग्रून. बोटीचं नाव 'दोन भाऊ'. ही त्याची पोटापाण्याची बोट! पाण्याच्या ओढीनं ती खिंडारातून आरपार गेली असती तर बोटीसकट तो खालच्या शेतात जाऊन आदळला असता. म्हणून त्यानं एक छोटी होडी बरोबर घेतली, वेळ आली तर जीव वाचवायला. आणि बोट नेली. ती खिंडारात आडवी, घट्ट बसली. दारासारखी! पाणी अडलं, मागून लोकांनी भर घातली आणि बांध तगला.

म्हणजे भोकात बोट घातली हे खरंच. फक्त हाताचं नाही!

तिथे आता बोटीचं शिल्प उभं आहे. नाव 'कडेवर उभं राहिलेलं नाणं'. इकडे पडतंय की तिकडे, असं. आणि पाच वर्षांत, १९५८ साली, याच नदीच्या तोंडाशी वादळात खाली सोडायचा प्रचंड लोखंडी दरवाजा बसवला गेला. १९५३ नंतर समुद्राला अडवायला त्या देशानं जी कामं काढली, त्यातलं हे पहिलं. त्या दरवाजाखालूनच आमची बोट आत आली होती. मी तेव्हा पावाला लोणी लावत होते, वर बघितलंही नव्हतं.

बाकीचे फोटो काढत होते. मी मात्र गप्प बसले होते. भाच्यानं विचारलं, ''मावशी, काय झालं?'' मग त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

आमच्याकडे खाडीकाठी खारभूमी असते. म्हणजे मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवलेली भातशेती. बांधात लाकडी दारं असतात, त्यांना उघाड्या म्हणतात. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार मिटतं. किंडरडाइकला पाहिलं तेच, फक्त चक्की नाही. बांध फुटला तर आम्ही म्हणतो 'खांड गेली'. मी चौथीत होते तेव्हा श्रावणातल्या उधाणाला आमच्या बांधाला खांड गेली. घरटी एक माणूस बांधावर गेला. बाबाही गेले. रात्रभर कंदील हलताना दिसत होते. मातीची ढेकळं, पेंढा, फाटे, काय मिळेल ते टाकत होते. सकाळी बाबा कमरेपर्यंत चिखलानं माखून आले आणि ओसरीवर नुसते बसले. आई काही बोलली नाही. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. पुढचे तीन पावसाळे त्या शेतात भात झालं नाही. बाबा दुसऱ्याच्या वीटभट्टीवर गेले.

भाच्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, ''तुमच्याकडे बोट नव्हती?''

होड्या होत्या, पण एवढ्याशा. मग त्याचा दुसरा प्रश्न, ''पण आधी भोक कुणी पाहिलं नाही?''

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. किंवा होतं, पण सांगायला बरं वाटत नव्हतं. बांधाला आधी खेकड्यांची बिळं पडतात. बिळातून पाणी झिरपतं, मग माती सुटते. सगळ्यांना ठाऊक असतं आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणी पाहिलं असेल.

गौड्याला आम्ही चीजचा गोल पाहिला, गाडीच्या चाकाएवढा. शेवटच्या दिवशी ॲमस्टरडॅमला सायकली परत केल्या. माझी सायकल सोडताना मी सवयीनं पायडल उलटं फिरवून बघितलं. थांबली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या शनिवारी, पाऊस लागायच्या आत, चौथीचा वर्ग घेऊन मी बांधावर गेले. बावीस मुलं. वळणावळणावर एकेक मूल उभं केलं, शेवटच्याला गावच्या क्रिकेट टीमचं पिवळं बनियन घातलं. प्रत्येकानं आपापल्या तुकड्यातली बिळं मोजायची, काडी रोवायची, वहीत लिहायचं. बिळं एकशे त्रेचाळीस भरली. उघाडीजवळ एका ठिकाणी तर मुठीएवढं भोक होतं, आतून ओलं. एका मुलीनं त्यात हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला, खेकडा होता!

मुलांनी नकाशा काढला. तो आणि एक अर्ज आम्ही कचेरीत नेऊन दिला, पोच घेतली. उत्तर काही आलं नाही. पण आषाढी अमावास्येच्या आधी गावातले सात-आठ जण कुदळी घेऊन निघाले. त्यांच्यापुढे चौथीतला एक मुलगा होता, हातात वही. मोठ्या माणसांना तो सांगत होता, ''काका, इथं नाही. सव्वीस नंबर पुढं आहे.''